भरवशाच्या माणसाची सक्तीची रजा

घरातल्या भरवशाच्या मुलाची नेमणूक कोणी करत नाही. अडचणीच्या काळात ज्याच्या हातात पहिल्यांदा पैसे आणि पिशवी दिली जाते आणि जो सामान व उरलेली मोड दोन्ही नीट परत आणतो, त्याच्याच हातात पुढे आयुष्यभर पिशवी राहते. आमच्या घरात तो काळ १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्या दिवशी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे कामगार, होते. आम्ही चार भावंडे: थोरली मी, माझ्या पाठचा भाऊ, त्याच्या पाठची बहीण आणि नुकताच बालवाडीत जाऊ लागलेला शेंडेफळ भाऊ. मी तेव्हा आठवीत होते.

पहिले काही महिने वडील घरीच होते, सभांना जात होते, संप आज मिटेल, उद्या मिटेल असे सांगत होते. पावसाळा तोंडावर आला तेव्हा इतर असंख्य कोकणी कामगारांप्रमाणे तेही परळहून एस.टी. धरून भातलावणीसाठी गावी गेले. मुंबईत आई, आम्ही चौघे आणि आईची खाणावळ उरली. गिरणगावात कुटुंबाशिवाय राहणाऱ्या कामगारांना घरगुती जेवण घालणाऱ्या अशा खाणावळी चाळीचाळीत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले ते याच बायकांना संघटित करण्यासाठी. सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळण्याची वाट त्या मंडळामुळे खुली झाली, आणि बँक नावाची वस्तू आमच्या खोलीत पहिल्यांदा आली ती आईच्या तोंडून, त्या मंडळाच्या बैठकांमधून.

आईला लिहिता येत नव्हते, म्हणून खाणावळीची वही माझ्याकडे आली. प्रत्येक माणसाच्या नावापुढे दोन वेळच्या जेवणाच्या खुणा, गावी गेला असेल तर खाडा, आणि पगाराच्या तारखेला बेरीज, एवढेच ते काम होते. संप सुरू झाल्यावर पगाराची तारीखच नाहीशी झाली. बेरजा वाढत गेल्या, वसुली थांबली, आणि वाण्याकडे आमची उधारी चढू लागली. तोपर्यंत मी केवळ नोंदी करणारी होते. त्या महिन्यांत आई मला विचारू लागली की उद्या किती जणांचा तांदूळ काढायचा, कोणाला अजून आठवडाभर सांभाळायचे आणि कोणाला आता सांगून टाकायचे. चौदा वर्षांच्या मुलीला हे प्रश्न विचारले जाऊ नयेत असे आज मी म्हणेन. पण ते विचारले गेले, आणि उत्तर द्यायचे तर माणसे जवळून पाहावी लागतात हे त्यातून कळले. दोघांची थकबाकी सारखीच असायची. त्यांतला एक रात्री गोदीत हमाली शोधत फिरत असायचा आणि दुसरा चाळीच्या कठड्यावर बसून असायचा. वहीतला आकडा हा फरक सांगत नव्हता.

त्या काळात आईची एक शिस्त मी रोज पाहिली. भात पुरणार नसेल तर ती ते पहिली पंगत बसायच्या आत जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सांगत असे. पाटावर बसलेल्या माणसाला नाही म्हणू नये, म्हणायचे ते तो जिन्यात असतानाच म्हणावे, असा तिचा नियम होता. ज्याला भाकरीवर भागवायचे असेल तो आत येई, ज्याला नको असेल तो परत फिरे, आणि ताटावरून वाद होत नसे. वाण्याच्या बाबतीत तिने मला हेच करायला लावले. तो आमच्याकडे माणूस पाठवण्याच्या आधी मी दुकानात जायचे आणि या आठवड्यात किती देता येतील आणि किती येणार नाहीत, हे वही उघडून दाखवायचे. तो रागवायचा, परंतु सामान बंद करत नसे. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याने निदान माहिती तरी वेळेवर द्यावी, हे व्यवहाराचे शिक्षण मला तिथे मिळाले. बँकेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात पुढे जे शिकवले गेले ते याहून फार वेगळे नव्हते.

भावंडांकडून काम करून घेणे त्या मानाने कठीण होते. पहाटेच्या नळावर हंडे लावणे, रेशनच्या रांगेत उभे राहणे, रॉकेल आणणे आणि धाकट्याला सांभाळणे ही कामे वाटायची होती. पाठचा भाऊ माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असल्यामुळे माझे सांगणे ऐकणे त्याला कमीपणाचे वाटत असे. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून तो मैदानात निघून जायचा. ओरडून उपयोग झाला नाही, आईकडे तक्रार करून तर मुळीच झाला नाही. शेवटी मी रेशनकार्ड, पैसे आणि रॉकेलच्या हिशेबाचे पान असे सगळेच त्याच्याकडे दिले आणि घरात रॉकेल कधी संपेल हे त्यानेच सांगायचे असे ठरवले. त्यानंतर तो रांगेतून हलला नाही. इतकेच नव्हे, तर स्टोव्ह विनाकारण जळत राहिला की तो आईलाही बोलू लागला. नुसते काम सांगितले की माणूस ते दुसऱ्याचे समजून करतो, त्या कामाचा हिशेब हाती आला की तो स्वतःचे समजून करतो, हे मला रॉकेलने शिकवले. मात्र त्या वयात हा शोध मी फक्त रॉकेलपुरता वापरला. वही, पैसे, वाणी आणि आईचे प्रश्न ही सगळी सत्ता माझ्याकडेच राहिली, आणि खरे सांगायचे तर ती मला आवडत होती.

वडील परत आले, पण गिरणीत परत गेले नाहीत. पाठच्या भावाने दहावीनंतर शिक्षण सोडून छापखान्यात नोकरी धरली आणि पुढे तो बेस्टमध्ये वाहक म्हणून लागला. मी पदवी घेतली. त्या वर्षांत लालबाग-परळच्या मराठी मुलामुलींमध्ये बीएसआरबीच्या, म्हणजे बँकभरतीच्या, परीक्षेचे वारे होते. शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीचे मार्गदर्शन वर्ग भरत, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती हातोहात फिरत. त्या परीक्षेतून मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक झाले. बहिणीचे डी.एड., तिचे लग्न, शेंडेफळाचा अभियांत्रिकीचा प्रवेश आणि वडिलांचे शेवटचे आजारपण ही सगळी वर्षे माझ्या पगारावर आणि पाठच्या भावाच्या जादा पाळ्यांवर निघाली. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही. गिरणगावातल्या शेकडो घरांत असेच झाले.

सांगण्यासारखे आहे ते बढतीचे. बँकेत लिपिकाने अधिकारी व्हायचे म्हणजे मुंबईबाहेर बदली स्वीकारायची, आणि त्या एका अटीपायी मुंबईतले कितीतरी हुशार मराठी लिपिक बढतीच्या परीक्षेला बसतच नसत. मीही काही वर्षे बसले नाही. घरी माझ्यावाचून चालणार नाही, असे मी सहकाऱ्यांना सांगत असे आणि ते सर्वांना पटतही असे. एका दिवाळीत बहिणीने सरळ विचारले, "ताई, तू नसलीस तर आमचे काय अडेल, त्याची यादी करून दे." मी यादी करायला बसले. जी कामे लिहिली त्यांतली बहुतेक भावंडांपैकी कोणी ना कोणी आधीच करत होते किंवा सहज करू शकत होते. पुढच्या वर्षी मी परीक्षेला बसले. मुलाखतीत माणसे हाताळण्याचा अनुभव विचारला गेला तेव्हा मी खाणावळीबद्दल बोलले. मुलाखत घेणाऱ्यांतले एक साहेब हसले, दुसऱ्यांनी थकबाकीची वसुली कशी करत होता असे विचारले, आणि उरलेली मुलाखत त्याच विषयावर झाली.

विदर्भातल्या एका ग्रामीण शाखेत काही वर्षे काढून मी मुंबईत परतले. अधिकारी म्हणून माझ्या हातात प्रथम आली ती तिजोरीची चावी, आणि तीही अर्धीच. बँकेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. तिला दोन चाव्या लागतात, त्या दोन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांकडे असतात, दोघांनी एकाच वेळी उभे राहून ती उघडायची आणि बंद करायची असते. एक रजेवर जाणार असेल तर चावी कोणाकडे दिली याची नोंद चाव्यांच्या रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्यांनिशी होते, आणि जादा चाव्यांचा संच शाखेत न ठेवता बाहेर सुरक्षित ठेवला जातो. या व्यवस्थेत कोणावर अविश्वास आहे असे कोणी मानत नाही. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे काम केलेल्या रोखपालालाही दुसरी चावी मिळत नाही, आणि त्याला त्याचे वाईटही वाटत नाही. घरी याच्या नेमके उलट होते. तिथे विश्वास दाखवायचा म्हणजे एकाच माणसाच्या हाती सगळ्या चाव्या द्यायच्या, आणि त्याच्याकडे दुसरी चावी मागणे म्हणजे त्याचा अपमान करणे. या दोन पद्धतींमध्ये मी बरीच वर्षे जगले आणि त्यांची एकमेकींशी गाठ घालून पाहिली नाही.

घरात मिळालेले शिक्षण बँकेत पूर्णपणे उपयोगी पडले ते २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या, ९ ला बँका ग्राहकांसाठी बंद होत्या आणि १० ला सकाळी उघडल्या तेव्हा भांडुपच्या ज्या शाखेची मी व्यवस्थापक होते तिच्या दाराबाहेर रांग मुख्य रस्त्यापर्यंत गेली होती. नियम रोज बदलत होते. जुन्या नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार होती, मग साडेचार हजार झाली, मग दोन हजारांवर आली. बोटाला शाई लावायची सूचना मध्येच आली. खात्यातून काढायची साप्ताहिक मर्यादा वीस हजारांवरून चोवीस हजार झाली. लग्नघरांसाठी अडीच लाखांची सवलत जाहीर झाली, तिच्या अटी मागाहून आल्या. त्यातून करन्सी चेस्टकडून, म्हणजे शाखांना नोटा पुरवणाऱ्या कोठारातून, दिवसाला किती रोकड येईल, हे आमच्या हातात नव्हते.

कर्मचारी घाबरलेले होते, आणि त्यांच्या घाबरण्यात काही चूक नव्हती, कारण रांगेतल्या माणसाचा राग काचेपलीकडच्या माणसावरच निघतो. पहिल्या दोन दिवसांनंतर मी एक पद्धत बसवली. दार उघडण्याच्या आधी मी फळा घेऊन बाहेर जाई आणि आज शाखेत किती रोकड आहे, ती अंदाजे किती जणांना पुरेल, आजची मर्यादा काय आणि कोणत्या कागदांशिवाय काम होणार नाही, हे लिहून मोठ्याने वाचून दाखवी. तितकेच टोकन वाटले जात. वयस्कर आणि अपंग ग्राहकांची रांग वेगळी. ज्याला टोकन मिळाले नाही तो चिडे, पण सकाळी साडेनऊला चिडे, दुपारी तीनला पाच तास उन्हात उभे राहिल्यावर नव्हे. रोकड लवकर संपेल अशी कुणकुण लागली की दुपारीही मी स्वतःच बाहेर जाऊन सांगत असे. ते काम शिपायावर किंवा सुरक्षारक्षकावर मी कधी टाकले नाही. विभागीय कार्यालयातल्या एका वरिष्ठांनी नंतर हे कुठे शिकलात असे विचारले तेव्हा मी आईच्या जिन्याचा नियम त्यांना सांगितला. त्यांना तो विनोद वाटला असावा.

काउंटरवरच्या तरुण मुलामुलींना मी त्या दिवसांत आणखी एक गोष्ट दिली, ती रॉकेलवाली. दोन हजारांच्या नोटांना सुटे मिळत नव्हते आणि शंभराच्या नोटांवरून काउंटरांमध्ये आपापसांत कुरबुर सुरू झाली होती. शंभराच्या नोटांची वाटणी सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्या मुलाकडे सोपवली: प्रत्येक काउंटरला किती, पेन्शनरांसाठी किती राखायच्या, शेवटच्या तासाला किती शिल्लक हवी, सगळे त्याने ठरवायचे आणि संध्याकाळी सर्वांसमोर सांगायचे. तक्रार थांबली असे म्हणणार नाही. ती माझ्याकडे येणे थांबले, आणि मला तेवढेच हवे होते.

याच्या काही वर्षे आधीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण घरातल्या माझ्या पदाला पहिला धक्का तेव्हा बसला. संपकाळातल्या गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे देण्याची योजना म्हाडामार्फत पुढे आली. कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असावा, ही मुख्य अट होती. वडील तोपर्यंत गेले होते. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, ईएसआयचे (कामगार विम्याचे) कार्ड, फंडाच्या चिठ्ठ्या अशी कागदपत्रे ट्रंकेतून शोधून काढली. आईने स्वतःऐवजी मुलांपैकी एकाचे नाव घाला असा हट्ट धरला, म्हणजे उरलेल्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे आली, आणि कोणाचे नाव घालायचे हा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. पाठचा भाऊ मात्र पाहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो शाखेत आला आणि चहा पिताना म्हणाला, "ताई, तू आमच्यासाठी सगळे केलेस, पण आमच्यासाठी करायला काही उरू दिले नाहीस. बाबांच्या आजारात डॉक्टरांशी तू बोललीस, अंत्यविधीचा खर्च तू केलास, आणि आता नावही तूच ठरवणार." त्याचे म्हणणे मला तेव्हाही अर्धेच पटले आणि आजही अर्धेच पटते. वडिलांच्या आजारात डॉक्टरांशी बोलायला पुढे येण्यास त्याला कोणी अडवले नव्हते. मात्र एक माणूस कायम पुढे उभा असला की मागच्यांना पुढे यायची सवय लागत नाही, हे त्याच्या म्हणण्यातले खरे होते, आणि हा धोका भरवशाच्या माणसाला दिसत नाही, कारण त्याच्या पाठीमागे काय चालले आहे हे पाहायला त्याला मान वळवावी लागते.

मी त्याला बँकेतला नियम सांगितला. आपल्या नातेवाइकाच्या कर्जाचा प्रस्ताव आमच्यातला कोणीही स्वतः मंजूर करू शकत नाही. रक्कम त्याच्या अधिकारात बसत असली तरी प्रस्ताव वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. घराच्या अर्जात आपण चौघेही हितसंबंधी आहोत, तेव्हा चौघांपैकी कोणीही निर्णय देऊ नये, असे मी सुचवले. आम्ही मामांना बोलावले. मामांनी एक दिवस सगळ्यांचे वेगवेगळे ऐकून घेतले, मग आईला विचारले, आणि पाठच्या भावाचे नाव घालायचे ठरले. त्याला हक्काचे घर नव्हते आणि आई त्याच्याकडे राहत होती, हे कारण सर्वांना आधीपासून ठाऊक होते. माझ्या तोंडून आले असते तर ते उपकार वाटले असते, मामांच्या तोंडून ते न्याय वाटले. २८ जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि अर्जदार सुमारे दीड लाख. आमचे नाव तेव्हा लागले नाही, नंतरही अद्याप लागलेले नाही. प्रतिज्ञापत्रांवर सह्या करायला आम्ही चौघे एकत्र गेलो तो दिवस मात्र चांगला गेला, आणि भावाने बऱ्याच वर्षांनी मला स्वतःच्या पैशाने जेवायला घातले.

आता सक्तीच्या रजेबद्दल. बँकेत जे कर्मचारी संवेदनशील जागांवर काम करतात त्यांना वर्षातून एकदा, सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आगाऊ न कळवता रजेवर पाठवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. २०२१ च्या परिपत्रकाने तो आणखी काटेकोर केला: या रजेत त्या माणसाला कार्यालयीन ई-मेल वगळता कामाच्या कोणत्याही साधनापर्यंत पोचता येता कामा नये, ना प्रत्यक्ष, ना संगणकावरून. कारण उघड आहे. गैरव्यवहार लपवणाऱ्याला रोज हजर राहावेच लागते, आणि म्हणून जो कधीच रजा घेत नाही त्याच्याकडे तपासणीच्या दृष्टीने आधी पाहिले जाते. घरात ज्या गुणाचे कौतुक होते, तो गुण बँकेच्या लेखी धोक्याची खूण आहे. हा नियम मी कर्मचाऱ्यांना अनेकदा समजावून सांगितला होता. तो मला स्वतःला लागू झाला तेव्हा आई मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेतून उठून वॉकरवर चालायला शिकत होती.

आई लालबागला पाठच्या भावाकडे होती आणि मी भांडुपला. तरीही औषधांची यादी, डॉक्टरांच्या तारखा, फिजिओथेरपिस्टची वेळ, विम्याचे कागद आणि खर्चाचा हिशेब हे सगळे माझ्या फोनमध्ये होते. रजेचा मेल आला तेव्हा भावंडांनी गृहीत धरले की आता ताई लालबागला येऊन राहील. मी मात्र त्यांना एकत्र बोलावले आणि बँकेच्या रजेबरोबर घरच्या कामाचीही तशीच रजा घेणार असल्याचे सांगितले. पाठचा भाऊ हसला, बहीण हसली नाही. वहीची सवय असल्यामुळे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून देणे मला जड गेले नाही. औषधे आणि डॉक्टर बहिणीकडे, पैसे आणि विमा शेंडेफळाकडे, रोजची देखभाल आणि फिजिओथेरपी भाऊ आणि त्याच्या बायकोकडे अशी वाटणी झाली. मोठा खर्च किंवा उपचारातला बदल असेल तर दोघांची संमती हवी, एकाची चालणार नाही, हे कलम माझे. मी यजमानांबरोबर लांज्याला सासरच्या घरी गेले. तिथे मोबाइलला पुरेशी रेंज होती, हे मी भावंडांना सांगितले नाही.

परत आल्यावर शाखेत आणि घरात जे आढळले त्यात चमत्कारिक साम्य होते. शाखेत माझ्या जागी काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला असे दिसले की ज्या गोष्टींवर सही करण्याचा अधिकार इतर दोघांना कागदोपत्री होता, त्यांसाठीही ग्राहक मॅडमची वाट पाहत बसत, कारण ते दोघे विचारल्याशिवाय सही करत नसत. घरी वहिनींनी, म्हणजे माझ्या भावजयीने (चाळीत सगळे तिला वहिनी म्हणतात, मीही म्हणते), फिजिओथेरपीची वेळ संध्याकाळऐवजी सकाळची केली होती. संध्याकाळची वेळ ठरली होती ती मी कामावरून येऊन हजर राहू शकेन म्हणून. आई त्या वेळी दमलेली असते हे तिच्यासोबत दिवसभर राहणाऱ्या वहिनींना माहीत होते, पण वेळ बदलण्याचा अधिकार आपला आहे असे त्यांना वाटत नव्हते. सकाळच्या व्यायामाने आई दहा-बारा पावले जास्त टाकू लागली. बहिणीने डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारून औषधांतल्या दोन गोळ्या बंद करता येतात का ते विचारून घेतले. शेंडेफळाच्या हिशेबात मात्र गोंधळ होता. पावत्या होत्या, बेरजा नव्हत्या. तो तसाच राहू दिला. पुढच्या महिन्यात पैसे कमी पडले तेव्हा त्यानेच भावंडांना फोन केले, आणि त्यानंतर त्याच्या बेरजाही येऊ लागल्या.

थोरली बहीण ही जन्मतःच नेतृत्व शिकते, असे आजकाल कौतुकाने म्हटले जाते. मला ते मान्य नाही. थोरल्या बहिणीला भार उचलायला शिकवले जाते, आणि भार उचलणे हा नेतृत्वाचा फार तर अर्धा भाग आहे. वेळेवर वाईट बातमी सांगणे, वहीपलीकडची माणसे ओळखणे, कौतुकाची अपेक्षा न ठेवता काम चालू ठेवणे, हे मला घराने दिले आणि बँकेत ते रोज वापरले. आपली चावी दुसऱ्याच्या नावावर रजिस्टरमध्ये लिहून द्यायची आणि मग त्याने तिजोरी कशी उघडली हे विचारायचे नाही, हे मात्र घराने शिकवले नाही. ते नियम म्हणून अंगावर आले म्हणून शिकले. ज्या घरांत असा नियम लादणारी रिझर्व्ह बँक नसते, तिथल्या थोरल्या मुली साठीनंतरही सगळ्यांची औषधे पाठ करून बसलेल्या मी पाहते.

आमच्याकडेही सगळे सुरळीत आहे असे नाही. मोठ्या खर्चाला दोघांची संमती हे कलम पाठच्या भावाला अजून जाचते, आणि बहीण त्याच्या वतीने परस्पर संमती देऊन टाकते. परंतु मागच्या नोव्हेंबरची गोष्ट वेगळी झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींच्या खात्यावर चार जणांपर्यंत वारसनोंद करता येते आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहिता येतो. ही बातमी मी घरी सांगितली, कारण ती सांगणे माझे काम होते. अर्ज भरायला मात्र आई शेंडेफळाबरोबर गेली, लालबागच्या तिच्या बँकेत, मला न कळवता. तिने टक्के कसे वाटले हे आम्हा चौघांपैकी फक्त त्याला ठाऊक आहे. तो सांगत नाही, कारण आईने त्याला तसे बजावले आहे, आणि पाठचा भाऊ ते त्याच्याकडून काढून घेण्याच्या खटपटीत आहे.